एका न झालेल्या युद्धाची अखेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८५ सालची गोष्ट. जून महिन्यात कॉलेज सुरू झालं होतं आणि मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या नोट्स देत होतो. त्या काळी नोट्स 'देत' असत, म्हणजे सरांनी सांगायचं आणि मुलांनी खाली मान घालून लिहून घ्यायचं. 'शीतयुद्धाचे भवितव्य' या मुद्द्याखाली मी एक वाक्य सांगितलं होतं : दोन महासत्तांमधील ही स्पर्धा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तरी चालू राहील, असे मानण्यास जागा आहे. 'मानण्यास जागा आहे' हे शब्द मला तेव्हा फार आवडत. १९९१च्या डिसेंबरात क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला आणि त्यानंतर आठवडाभरातच त्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचं पोस्टकार्ड आलं. तो तोवर बँकेत लागला होता. नववर्षाच्या शुभेच्छा आणि त्याखाली एकच ओळ : 'सर, नोट्स बदलायला हव्यात.'

नोट्स मी बदलल्या. पण आपलं काय चुकलं, हा प्रश्न मनातून गेला नाही. चुकणारा मी एकटा नव्हतो, एवढंच काय ते समाधान. ज्यांना सोव्हिएत युनियनवर नजर ठेवण्याचाच पगार मिळत होता, अशा मोठमोठ्या तज्ज्ञांनाही हा शेवट दिसला नव्हता. आज त्याच शेवटाविषयी बोलायचं आहे.

आधी आकडा लक्षात घ्या. १९८६च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती आणि त्यातली जवळजवळ सगळी दोनच देशांकडे होती. ती वापरली तर दोघांचाही नाश ठरलेला, आणि म्हणूनच ती कुणी वापरणार नाही, असं या व्यवस्थेचं तर्कशास्त्र होतं. वर्गात फळ्यावर ते छान मांडता येई. त्यात एकच गोम होती. सगळी यंत्रं आणि सगळी माणसं चोवीस तास बरोबरच वागतील, असं त्यात गृहीत धरलेलं होतं.

१९८३ हे साल त्या दृष्टीनं फार वाईट होतं. मार्च महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत युनियनला 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं आणि पंधरा दिवसांनी अंतराळातून क्षेपणास्त्रं रोखण्याची आपली योजना जाहीर केली. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'स्टार वॉर्स' ठेवलं. १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं. २६९ माणसं गेली. आणि २६ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव-१५ या ठिकाणच्या तळघरात भोंगा वाजला.

तिथं त्या रात्री स्तानिस्लाव पेत्रोव नावाचे चव्वेचाळीस वर्षांचे लेफ्टनंट कर्नल कामावर होते. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याचं उपग्रह सांगत होता. मग दुसरं, तिसरं, असं करत पाच. पेत्रोव यांचं काम इतकंच, की वर कळवायचं. पुढचा निर्णय घ्यायला वरच्यांकडे काही मिनिटंच उरली असती. पेत्रोव यांनी विचार केला : अमेरिकेला युद्ध सुरू करायचंच असेल, तर ती पाच क्षेपणास्त्रांनी कशाला करील? जमिनीवरची रडारही काही दाखवत नव्हती. त्यांनी फोन करून सांगितलं, इशारा खोटा आहे. तसा तो होताच. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशानं उपग्रहाला फसवलं होतं. नंतर चौकशी झाली. त्या घटकेला नोंदवही भरली नाही म्हणून पेत्रोव यांनाच बोलणी खावी लागली! सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ही हकिकत बाहेर यायला मात्र सोव्हिएत युनियन संपावं लागलं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'नाटो'नं युरोपात अण्वस्त्रं वापरण्याच्या सरावाची कवायत केली आणि ही कवायत म्हणजे खऱ्या हल्ल्याचं सोंग तर नाही, अशी शंका मॉस्कोतल्या काहींना आली. ती शंका किती गंभीर होती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण तिची कुणकुण वॉशिंग्टनला लागली आणि रेगन यांना धक्का बसला. रशियन लोक आपल्याला खरोखरच घाबरतात, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं! आपण चांगली माणसं आहोत, हे समोरच्याला आपोआप कळतं, अशी समजूत घरोघरी असते. महासत्तेच्या प्रमुखाचीही तशीच होती. १९८४च्या जानेवारीत रेगन यांनी जे भाषण केलं, त्याचा सूर एकदम वेगळा होता. रशियातलं एक जोडपं आणि अमेरिकेतलं एक जोडपं पावसात एका आडोशाला भेटलं तर काय बोलेल, असं त्यात त्यांनी विचारलं. माझ्या मते बदलाची सुरुवात इथून धरायला हवी. गोर्बाचेव यायला अजून चौदा महिने होते.

तोवर मॉस्कोत बोलायला माणूस राहत नव्हता. नोव्हेंबर १९८२मध्ये ब्रेझनेव गेले, फेब्रुवारी १९८४मध्ये आंद्रोपोव, मार्च १९८५मध्ये चेर्नेन्को. अडीच वर्षांत तीन अंत्ययात्रा. मग चौपन्न वर्षांचे मिखाईल गोर्बाचेव आले. कागद न वाचता बोलणारा, पत्नीला बरोबर घेऊन हिंडणारा नेता रशियनांनाही नवा होता.

गोर्बाचेव यांना देश कसा मिळाला, तेही पाहायला हवं. दुकानांपुढे रांगा, अफगाणिस्तानात संपत नसलेलं युद्ध, आणि १९८६ उजाडताच जागतिक बाजारात तेलाचे भाव निम्म्याहून खाली. परकी चलन मिळवून देणारी मुख्य वस्तू तेलच होती. त्यात त्या वर्षीच्या २६ एप्रिलला चेर्नोबिल घडलं. अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर दोन दिवस सरकार गप्प होतं. स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात किरणोत्साराची नोंद झाली, तेव्हा कुठं मॉस्कोनं चार ओळींचं निवेदन दिलं. एक भट्टी फुटली तर ही दशा, मग हजारो बॉम्ब फुटल्यावर काय उरेल, हा हिशेब गोर्बाचेव यांनी केला आणि पुढे जन्मभर बोलून दाखवला.

आता रेक्याविक. या सगळ्या कथेत मला सर्वांत ओढ आहे ती या प्रसंगाची, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ऑक्टोबर १९८६. आइसलंडची राजधानी रेक्याविक. समुद्राकाठी होफ्दी नावाचं लाकडी पांढरं घर. त्यात भूत आहे अशी गावात आख्यायिका. ११ आणि १२ तारखेला दोन्ही नेते तिथं एका लहान टेबलाशी बसले. बरोबर परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ आणि एदुआर्द शेवर्दनाद्झे, शिवाय दुभाषे आणि टिपणं घेणारे. बस्स. पुढच्या शिखर बैठकीची तयारी एवढंच खरं तर ठरलं होतं. पण गोर्बाचेव फाइल उघडून प्रस्तावांमागून प्रस्ताव मांडू लागले.

पहिल्या रात्री तज्ज्ञांचे गट बसले. अमेरिकेकडून एकोणऐंशी वर्षांचे पॉल निट्झे, सोव्हिएत बाजूनं थेट सेनाप्रमुख मार्शल सर्गेई अख्रोमेयेव. अख्रोमेयेव दुसऱ्या महायुद्धात लढलेले. त्या पिढीतला सेवेत उरलेला शेवटचा मोहिकन मीच, असं त्यांनी अमेरिकनांना सांगितलं. फेनिमोर कूपरची ती कादंबरी त्यांनी वाचलेली होती, याचं अमेरिकनांना नवल वाटलं. रात्रभर जागून लांब पल्ल्याची अस्त्रं निम्म्यावर आणण्याचं या दोघा म्हाताऱ्यांनी जवळजवळ जमवून आणलं.

दुसऱ्या दिवशी बोलणी कुठच्या कुठं गेली. दहा वर्षांत सगळी क्षेपणास्त्रं, नव्हे सगळी अण्वस्त्रंच मोडीत काढायची, इथवर दोघं येऊन पोचले. घरात जागा इतकी अपुरी, की अमेरिकन अधिकाऱ्यांनी न्हाणीघरातल्या टबावर फळी टाकून तिच्यावर प्रतिप्रस्तावाचा मसुदा लिहिला. मानवजातीचं भवितव्य टबावर! आणि मग गाडी एका शब्दावर अडली. तो शब्द 'प्रयोगशाळा'. अंतराळातल्या संरक्षणाचं संशोधन दहा वर्षं प्रयोगशाळेच्या चार भिंतींआडच ठेवा, असा गोर्बाचेव यांचा आग्रह. रेगन यांना तो मान्य नव्हता. ही ढाल तयार झाली तर तुम्हालाही देईन, असं ते म्हणत. दुधाची यंत्रं द्यायलाही तुम्ही तयार नाही, तिथं ही ढाल कशी द्याल, असं गोर्बाचेव म्हणाले. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दोघं बाहेर आले. त्या वेळची छायाचित्रं पाहा, दोघांचेही चेहरे पडलेले आहेत. आणखी काय करायला हवं होतं मला कळत नाही, असं गोर्बाचेव म्हणाले. 'हो' म्हणता आलं असतं, असं रेगन म्हणाले.

जगभर बातमी गेली : बोलणी फिसकटली. माझ्या वर्गातही मी तसंच सांगितलं. ही माझी दुसरी चूक. गोर्बाचेव यांनी लगेच पत्रकारांपुढे जाऊन हे अपयश नव्हे, असं सांगितलं तेव्हा ती सारवासारव वाटली होती. पण दोघांनीही एकमेकांच्या तोंडून ऐकलं होतं, की यालाही ही शस्त्रं नको आहेत. एकदा ऐकलेलं विसरता येत नाही. (ज्या ढालीपायी सगळं अडलं, ती रेगन यांच्या कल्पनेतल्या रूपात कधीच झाली नाही, हे जाता जाता सांगतो.)

त्यानंतर दीड महिन्यानं गोर्बाचेव दिल्लीला आले. २७ नोव्हेंबरला त्यांनी आणि राजीव गांधी यांनी अण्वस्त्रमुक्त आणि अहिंसक जगाच्या दिल्ली जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे १९९८च्या मे महिन्यात आपणही पोखरणला स्फोट केले. तो इतिहास वेगळा आहे, पण दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या आहेत.

फेब्रुवारी १९८७मध्ये गोर्बाचेव यांनी अंतराळ ढालीची अट बाजूला ठेवली आणि मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपुरता वेगळा करार करायची तयारी दाखवली. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतला एक अठरा वर्षांचा मुलगा हेलसिंकीहून छोटं विमान घेऊन निघाला आणि थेट क्रेमलिनजवळ उतरला. अवघ्या सोव्हिएत हवाई संरक्षणाची शोभा झाली. गोर्बाचेव यांनी ती संधी साधून संरक्षणमंत्र्यांना घरी पाठवलं. ८ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये करार झाला. पाचशे ते साडेपाच हजार किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची. कमी करायची नाहीत, नष्ट करायची. १९९१च्या मध्यापर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली. त्यातली १,८४६ सोव्हिएत होती आणि ८४६ अमेरिकन. म्हणजे गोर्बाचेव यांनी दुपटीहून अधिक दिली. एकमेकांच्या कारखान्यांच्या दारात एकमेकांचे निरीक्षक बसले, हे त्याहून नवं. 'विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा' ही रशियन म्हण रेगन यांनी सही करतानाही म्हटली. तुम्ही प्रत्येक भेटीत हेच म्हणता, असं गोर्बाचेव म्हणाले आणि सभागृह हसलं.

पुढच्या मे महिन्यात रेगन मॉस्कोच्या लाल चौकात हिंडत होते. दुष्ट साम्राज्याचं काय झालं, असं त्यांना विचारण्यात आलं. ते वेगळ्या काळातलं बोलणं होतं, असं त्यांनी उत्तर दिलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात गोर्बाचेव यांनी संयुक्त राष्ट्रसंघात पाच लाख सैन्य एकतर्फी कमी करण्याची घोषणा केली आणि प्रत्येक देशाला आपला मार्ग निवडण्याचा हक्क आहे, असं सांगितलं. या वाक्याची किंमत पूर्व युरोपातल्या लोकांनी सर्वांत आधी ओळखली. १९५६मध्ये बुडापेस्टला आणि १९६८मध्ये प्रागला रणगाडे आले होते. आता ते येणार नाहीत, असं हा माणूस म्हणतो आहे. म्हणतो तसं करील का?

१९८९ साली याचं उत्तर मिळालं. जूनमध्ये पोलंडच्या निवडणुकीत 'सॉलिडॅरिटी' निवडून आली आणि ऑगस्टमध्ये तिचा पंतप्रधान झाला. मॉस्को गप्प. हंगेरीनं ऑस्ट्रियाच्या सीमेवरची तार कापली. मॉस्को गप्प. सोव्हिएत प्रवक्ते गेरासिमोव यांनी तर फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याचा हवाला देऊन म्हटलं, ज्यानं त्यानं आपल्या वाटेनं जावं. पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैन्य होतं. ते छावणीबाहेर आलं नाही. विसाव्या शतकातल्या मोठ्या कृत्यांत या न येण्याची गणना करावी लागेल.

९ नोव्हेंबरची रात्र मात्र कुणीच ठरवलेली नव्हती. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे नेते गुंटर शाबोव्स्की संध्याकाळी पत्रकारांपुढे बसले. प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्यांच्या हाती ऐनवेळी दिलेला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर करायचा होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नियम कधीपासून, असं पत्रकारानं विचारलं. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. बातमी फुटली, माणसं नाक्यांवर लोटली. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाचे अधिकारी होते. वर फोन करकरून त्यांना स्पष्ट हुकूम मिळेना. साडेअकराच्या सुमारास त्यांनी आपल्या जबाबदारीवर फाटक उघडलं. पेत्रोव यांच्यासारखाच हा लेफ्टनंट कर्नल. अठ्ठावीस वर्षं उभी असलेली भिंत एकही गोळी न सुटता निरर्थक झाली. आपल्याकडे लोकसभा निवडणुकीचा धुरळा उडाला होता, त्यामुळे पारावरच्या गप्पांत बर्लिन फारसं आलं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मात्र मी त्या आठवड्यात कुणाशी नजर मिळवत नव्हतो.

पुढचं झपाट्यानं झालं. डिसेंबरात माल्टाच्या खवळलेल्या समुद्रात बुश आणि गोर्बाचेव भेटले. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनी एक झाली. 'नाटो' पूर्वेकडे सरकणार नाही, असं बोलण्यात आलं होतं की नाही, यावरचा वाद तेव्हापासूनचा. बोलणं झालं होतं, पण करारात लिहिलं गेलं नाही. जे लिहून घेतलं नाही, त्यावरून पुढे भांडण होतं, हे जमिनीचे व्यवहार केलेल्या कुणालाही सांगायला नको.

ही सगळी कथा रक्ताविना झाली, असं मात्र म्हणू नये. रुमानियात हजारावर माणसं मेली. जानेवारी १९९१मध्ये विल्नियसला सोव्हिएत रणगाड्यांपुढे नागरिक पडले, ते गोर्बाचेव यांच्याच कारकिर्दीत. त्या वर्षीच्या ३१ जुलैला लांब पल्ल्याच्या अस्त्रांवरचा स्टार्ट करार झाला आणि तीन आठवड्यांत मॉस्कोत बंडाचा प्रयत्न झाला. गोर्बाचेव क्रिमियात नजरकैदेत आणि अण्वस्त्रांची ती पेटी तीन दिवस त्यांच्या ताब्यात नाही! बंड फसलं. त्या बंडवाल्यांना मदत करायला गेलेले मार्शल अख्रोमेयेव, रेक्याविकला रात्रभर जागलेले तेच, त्यांनी २४ ऑगस्टला क्रेमलिनमधल्या आपल्या खोलीत आत्महत्या केली. ज्या देशाचा भार हलका व्हावा म्हणून त्यांनी शस्त्रं सोडली, तो देशच हातातून निसटताना त्यांना पाहवला नाही.

२५ डिसेंबरला गोर्बाचेव पायउतार झाले. सही करायच्या वेळी त्यांचं पेन चालेना, तेव्हा चित्रण करायला आलेल्या सीएनएनच्या प्रमुखांचं पेन घेऊन त्यांनी सही केली. माझ्या पिढीला त्याची झळ फार वेगळ्या ठिकाणी लागली. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी, चार-पाच रुपयांना मिळणारी जाड पुठ्ठ्याची सुंदर पुस्तकं यायची थांबली.

श्रेय कुणाचं? अमेरिकेनं खर्चानं दमवून सोव्हिएत युनियनला हरवलं, असं तिकडे पुष्कळजण मानतात. खर्चानं दमला होता हे खरं. पण दमलेली राज्यं सैन्याच्या जोरावर वर्षानुवर्षं रेटतात, तशी उदाहरणं आजही आहेत. गोर्बाचेव यांनी तो जोर वापरायचं नाकारलं आणि रेगन यांनी आपल्याच पक्षातल्या कडव्यांचं न ऐकता त्यांच्यावर विश्वास टाकला. दोघांपैकी एकजण वेगळा असता, तर माझ्या नोट्स खऱ्या ठरल्या असत्या. आणि त्या दोघांपर्यंत गोष्ट पोचण्याआधी ती पेत्रोव यांच्या टेबलावरून गेली होती.

मोडलेल्या अस्त्रांचं पुढे काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. १९९३च्या करारानं रशियानं सुमारे वीस हजार अण्वस्त्रांइतकं, म्हणजे पाचशे टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेला इंधन म्हणून विकलं. हा व्यवहार २०१३पर्यंत चालला. त्या काळात अमेरिकेतल्या दहा दिव्यांपैकी एक दिवा या इंधनावर जळत होता. युक्रेननं १९९४ साली सुरक्षेच्या आश्वासनावर आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं रशियाला देऊन टाकली. त्या आश्वासनाचं काय झालं, ते २०१४ आणि २०२२मध्ये आपण पाहिलं. गोर्बाचेव ऑगस्ट २०२२मध्ये गेले. त्यांची आई युक्रेनियन वंशाची होती. पेत्रोव २०१७मध्येच गेले होते, आणि बाहेरच्या जगाला ते काही महिन्यांनी कळलं.

१९८७चा करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपुष्टात आला. आधी अमेरिकेनं आणि पाठोपाठ रशियानं अंग काढून घेतलं. नव्या स्टार्ट कराराची मुदत फेब्रुवारी २०२६पर्यंतच होती. त्या पहिल्या करारात काही क्षेपणास्त्रं निकामी करून संग्रहालयात ठेवायची सोय होती. वॉशिंग्टनच्या विमान आणि अंतराळ संग्रहालयानं एक सोव्हिएत एसएस-२० आणि एक अमेरिकन पर्शिंग-२ शेजारी शेजारी उभी केली. सोव्हिएत क्षेपणास्त्र चांगलंच उंच आहे. पर्शिंग त्याच्याशेजारी धाकट्या भावासारखं दिसतं.